साइडपट्टी कुठं गेली, साहेब?

साहेब,

मुद्दामच नाव घातलेलं नाही. त्या खुर्चीवर इतके जण बसून गेले की एकाचं नाव घेतलं तर बाकीचे सुटतील. निधी कुठल्या रस्त्याला द्यायचा, किती द्यायचा आणि पैसे कमी पडले की इस्टिमेटमधली कुठली बाब कापायची, हे ज्यांच्या सहीनं ठरतं ते सगळे या पत्रातले 'तुम्ही'. पालघर जिल्ह्यातल्या सालवडचा रस्ता कुठला, हे तुम्हाला समजावून सांगायला नको. तुमच्या फायलीत तो आहे, भूमिपूजनाच्या फोटोतही आहे.

मला एवढंच विचारायचं आहे. आमची साइडपट्टी कुठं गेली?

रुंदीकरण ठरलं तेव्हा तुमची माणसं नकाशा घेऊन दारोदार आली होती. कुणाचं कुंपण मागे घ्यायचं होतं, कुणाचा ओटा जाणार होता, कुणाचं आंब्याचं झाड. लोक कुरकुरत होते. तेव्हा नकाशावर बोट ठेवून सांगितलं गेलं, हा मधला भाग गाड्यांचा आणि ही कडेची पट्टी तुमची. चालणाऱ्यांना फूटपाथ, सायकलवाल्यांना जागा, सगळं यात धरलेलं आहे. लोकांनी मान डोलावली. कुंपणं मागे सरली, झाड तुटलं, रस्ता झाला. पट्टी मात्र झाली नाही.

त्या नकाशाची झेरॉक्स अजून आमच्याकडे आहे. तुमच्याकडे मूळ प्रत आहे का हो? की रस्त्याबरोबर तीही दुरुस्त झाली?

विचारायला गेलो तेव्हा सांगितलं, 'ते दुसऱ्या टप्प्यात घेतलंय.' दुसऱ्या टप्प्याचे पैसे खड्डे बुजवण्यात गेले. तिसऱ्यात गटार झालं आणि त्याच्यावर झाकणं पडली. ही झाकणं म्हणजेच तुमचा फूटपाथ, असं एका अभियंत्यानं मला तोंडावर सांगितलं. तो चेष्टा करत नव्हता. झाकणं सलग नाहीत, एक वर तर एक खाली, काही ठिकाणी नाहीतच, आणि बरोबर मध्ये विजेचा खांब. म्हाताऱ्या माणसानं त्यावरून चालून दाखवलं तर त्याला बक्षीस द्यायला हवं.

राग येतो तो वेगळ्याच गोष्टीचा. पूर्वी तिथं काही नव्हतं असं नाही. मुरमाची का होईना, साइडपट्टी होती. पावसाळ्यात चिखल व्हायचा, चपला हातात घ्याव्या लागायच्या. पण मागून टँकर आला तर पाय टेकून उभं राहायला जागा असायची. ती तुम्ही घेतलीत, आणि घेताना याहून चांगलं देतो म्हणालात. जे आमचं होतं ते आमच्याच संमतीनं घेऊन जायचं आणि मग ओळखसुद्धा दाखवायची नाही, याला काय म्हणायचं?

एकदा गाडीतून उतरून रस्त्याची कड बघा. डांबरावर डांबर, त्यावर काँक्रीट, असे थर चढत गेले आणि रस्ता बाजूच्या जमिनीपेक्षा चांगला वीतभर वर आला. पांढऱ्या रेघेपलीकडे हँडल सावरण्यापुरती जागा, आणि तिथून सरळ खाली काप. मागून ट्रेलरचा हॉर्न वाजला की सायकलवाला रेघेवर येतो. दुसऱ्यांदा वाजला की पुढचं चाक त्या कापावरून घसरतं. सायकल एकीकडे पडते आणि माणूस कुठल्या बाजूला पडतो, यावर त्याचं नशीब. ट्रेलरवर स्टीलची कॉइल असते, आणि ब्रेक मारायची ड्रायव्हरची तयारी असली तरी तेवढं वजन जागच्या जागी थांबत नाही. ड्रायव्हरला मी दोष देत नाही. त्यालाही तुम्ही दुसरी जागा दिलेली नाही. त्याची गाडी उभी करायलाही नाही, म्हणून तोही रस्त्याच्या कडेलाच लावतो. मग चालणारा आणखी आत, थेट गाड्यांच्या वाटेत.

दुसरी पाळी सुटते तेव्हा कधी आला आहात का तारापूर एमआयडीसीतून? ठेकेदाराकडच्या बायका एकामागे एक रांगेनं चालत असतात. ओढणी नाकावर, डब्याची पिशवी काखेत. रांगेतली शेवटची बाई मोबाइलचा टॉर्च लावून तो मागे धरते, पाठीमागून येणाऱ्या गाडीला दिसावं म्हणून. चालायचं पुढे आणि उजेड पाडायचा मागे. हे त्यांना कोणी शिकवलेलं नाही. रस्त्यावर दिवे लावायचं काम कुणाचं, यावर तुमच्या दोन खात्यांचा पत्रव्यवहार चालू होता, तोवर त्यांनी आपल्यापुरता तोडगा काढला.

तुम्ही म्हणाल, आता चालतं कोण? सगळ्यांकडे बाइक आली. साहेब, हे तुमच्या गाडीच्या काचेतून दिसणारं चित्र आहे. २०११ च्या जनगणनेत लोकांना विचारलं गेलं की कामाला कशानं जाता. शेती आणि घरगुती उद्योग सोडून इतर कामं करणाऱ्यांत साधारण २२ टक्के पायी जाणारे निघाले आणि १३ टक्के सायकलनं. म्हणजे तिघांतला एक. ही देशाची सरासरी. भाड्याच्या खोलीत चौघं-पाचजण राहून एमआयडीसीत बारा तास भरणाऱ्यांच्या वस्तीत हे प्रमाण कमी असेल, असं तुम्हाला मनापासून वाटतं?

आणि ही मोजणी तुम्हीच केलेली आहे. आम्ही कामाला कसे जातो ते सरकारनं विचारलं, लिहून घेतलं, छापलं. मग त्या कागदाचं पुढे काय झालं?

त्याच जनगणनेनं सालवडला शहर ठरवलं. पाच हजारांवर लोकसंख्या, दाट वस्ती, चारातले तीन पुरुष शेतीबाहेरच्या कामावर, एवढं जुळलं की जनगणनेच्या लेखी ते शहर होतं. कारभार मात्र ग्रामपंचायतीचाच राहिला. शहरांसाठीच्या योजना निघाल्या की तुम्ही म्हणता, तुम्ही गाव आहात. गावाचे पैसे मागितले की पंधराव्या वित्त आयोगाचा हिशेब पुढे येतो. २०२१ ते २०२६ च्या अनुदानात ६० टक्के बंधित, ते पाणी आणि स्वच्छतेलाच. उरलेल्या ४० टक्क्यांत दिवे, गटारं, गल्लीतले रस्ते, सगळं बसवा. त्यातून सरपंचानं टँकरच्या रस्त्याकडेला फूटपाथ बांधायचा? कशानं बांधणार?

मग आम्ही दारं ठोठावत फिरतो. जिल्हा परिषदेत ३०५४ आणि ५०५४ ची हेडं सांगितली जातात. एक दुरुस्तीचं, एक बांधकामाचं, आणि दोन्हींत 'रस्ता' म्हणजे गाडी चालते तेवढाच. २५१५ मधून मागावं तर ते गावाच्या आतल्या कामांना, आणि तेही लोकप्रतिनिधीचं पत्र असेल तर. एमआयडीसीच्या हद्दीत गेलो की प्लॉटधारकांची सोय आधी. हद्द ओलांडली की 'हे आमच्याकडे येत नाही.' एकाच सरळ वाटेवर माणसाच्या पायाखालचा मालक किती वेळा बदलतो, हे मला तुमच्या कार्यालयांच्या फेऱ्या मारल्यावर कळलं. पाऊल टाकणाऱ्याला ती हद्द दिसत नाही, पण गाडीखाली आल्यावर पंचनामा कुठल्या हद्दीत करायचा हे मात्र बरोबर ठरतं.

आश्वासनं कमी दिलीत असं नाही. उलट इतकी दिलीत की यादी आम्हीच ठेवली.

२००६ साली केंद्रानं राष्ट्रीय नागरी वाहतूक धोरण आणलं. त्यात स्वच्छ म्हटलं होतं की रस्त्याची जागा वाहनांना नव्हे, माणसांना समोर ठेवून वाटायची. चालणाऱ्यांना आणि सायकलींना प्राधान्य. वाचून बरं वाटलं होतं.

१ ऑगस्ट २०१४ ला पालघर जिल्हा झाला. ठाण्याला हेलपाटे घालायला नकोत, कारभार दाराशी येईल, असं सांगितलंत. २०२१ च्या ऑगस्टमध्ये कोळगावला जिल्हा मुख्यालयाची इमारत उभी राहिली. त्या बदल्यात सिडकोला ४४० हेक्टर जमीन गेली. इमारत देखणी आहे, प्रश्नच नाही. पण पालघर स्टेशनला उतरून अर्ज द्यायला निघालेला माणूस तिथं चालत कसा जाईल, याचा विचार बांधताना कुणाच्या मनात आला होता का? कारभार दाराशी आला म्हणता, तर दारापर्यंतची वाट कुठं आहे?

२०१४ च्या एप्रिलपासून मोठ्या कंपन्यांना सरासरी नफ्याचे दोन टक्के समाजासाठी खर्च करणं कायद्यानं आलं, आणि जिथं कारखाना आहे त्या परिसराला आधी द्या, असंही त्यात आहे. तेव्हा आम्हाला वाटलं, चला, एवढे कारखाने आपल्या उशाला, आता तरी काही होईल. झालं ते असं, की चौकात बाक आले आणि बाकापेक्षा मोठ्या अक्षरात नावं आली. कुठल्याशा गेटसमोर पेव्हर ब्लॉकची पट्टी आली, गेट संपलं तिथं पट्टीही संपली. तुम्ही कंपन्यांना एकत्र बसवून ते पैसे एका सलग रस्त्याला लावायला सांगू शकला असता. सांगितलंत का?

पैसा नाही म्हणू नका, साहेब. ते ऐकलं की जास्त लागतं. वाढवण बंदराला २०२४ च्या जूनमध्ये मंजुरी मिळाली, ७६,२२० कोटी. बंदर हवं की नको, हा वाद मी इथं काढत नाही, किनाऱ्यावरचे लोक तो तुमच्याशी भांडतच आहेत. बुलेट ट्रेनचं स्टेशन बोईसरला होतंय. मालगाड्यांसाठी वेगळा मार्ग, लोकलसाठी आणखी दोन मार्गिका, बंदरापासून महामार्गापर्यंत नवा रस्ता. कंटेनरला कुठून कुठं जायचं, हे तुम्ही दहा वर्षं आधी ठरवता. सालवडच्या पोरीला शाळेत कसं जायचं, हे ठरवायला तुम्हाला निधीची 'उपलब्धता' बघावी लागते.

पोरींचंच निघालं म्हणून सांगतो. मानव विकास कार्यक्रमातून राज्यातल्या मागास तालुक्यांत आठवी ते बारावीच्या मुलींना सायकली देता. चांगली योजना आहे, मनापासून म्हणतो. शाळा पाच किलोमीटरच्या आत असलेली पोर सायकलनं जाईल, शिक्षण सोडणार नाही, हे तुम्हालाच पटलं म्हणून तर योजना काढलीत. मग ती सायकल चालवायची कुठं? आमच्याकडे बापानं हौसेनं घेतलेली सायकल आईनं महिनाभरात कुलूप लावून पडवीत ठेवलेली मी बघितली आहे. पोर आता शेअर रिक्षानं जाते, तिघांच्या सीटवर पाचवी होऊन. त्या आईला तुम्ही मागासलेली म्हणाल?

सायकलीसाठी तुम्ही पैसे खर्च करत नाही, असंही नाही. फक्त ती सायकल आमची नसते. मुंबईत पवई तलावाच्या काठानं ट्रॅक करायला निघालात, २०२२ च्या मे महिन्यात उच्च न्यायालयानं बेकायदा ठरवून थांबवला. वांद्रे-कुर्ला संकुलात ट्रॅक केलात, तो पुढे गाड्यांना जागा हवी म्हणून काढायला घेतलात. सायकल म्हटलं की तुमच्या डोळ्यांसमोर रविवारी पहाटे हेल्मेट घालून तलावाकाठी फिरणारा येतो. त्यानं जरूर फिरावं. पण कॅरिअरला डबा लावून पहिली पाळी गाठणारा माणूस तुम्हाला सायकलवाला वाटतच नाही. मी स्वतः त्यातला. तारापूर एमआयडीसीतल्या पाळ्या मी सायकलवरच भरल्या. आमच्या सायकलीचं पेट्रोल कुणी भरलं नाही, आमच्यामुळे कुणाचा रस्ता खचला नाही, पार्किंगला कुणाची जागा गेली नाही. इतका स्वस्त माणूस तुम्हाला नको का वाटावा?

२०१६ साली संयुक्त राष्ट्रांच्या पर्यावरण कार्यक्रमानं जगभरच्या सरकारांना सांगितलं होतं की वाहतुकीच्या खर्चातला निदान २० टक्के वाटा चालणाऱ्यांना आणि सायकलींना द्या. वीस राहू द्या. तुमच्या जिल्हा नियोजनाच्या आराखड्यात या नावाचं एक वेगळं लेखाशीर्ष तरी दाखवा. रस्त्यांच्या पैशात ते 'अंतर्भूत' आहे म्हणता. अंतर्भूत असतं तेच आधी कापलं जातं, हे आम्हाला आता पाठ झालंय.

न्यायालयाचं तरी ऐकाल असं वाटलं होतं. १४ मे २०२५ ला सर्वोच्च न्यायालयानं सांगितलं की चालण्यायोग्य फूटपाथ हा घटनेच्या २१ व्या कलमातल्या जगण्याच्या हक्काचाच भाग आहे, आणि केंद्रानं दोन महिन्यांत मार्गदर्शक तत्त्वं पुढे ठेवावीत. त्या पीठावर न्यायमूर्ती अभय ओक होते, आपल्या ठाण्याचे. ठाणे जिल्ह्याचे आम्हीही कालपरवापर्यंत होतो. ऑक्टोबरमध्ये न्यायालयानं पुन्हा बजावलं, राज्यांनी सहा महिन्यांत नियम करावेत. त्याच्याआधी, २०१९ च्या मोटार वाहन दुरुस्तीत १९८ अ कलम आलं. रस्ता मानकांप्रमाणे बांधला-राखला नाही आणि त्यातून माणूस मेला किंवा जायबंदी झाला, तर जबाबदार यंत्रणेला आणि ठेकेदाराला एक लाखापर्यंत दंड. आमच्याकडे या कलमाखाली कुणाला दंड झाल्याचं मी तरी ऐकलेलं नाही. तुम्ही ऐकलं असेल तर सांगा.

इंडियन रोड काँग्रेसचं मानक तुम्हाला तोंडपाठ असेल. फूटपाथ कमीत कमी १.८ मीटर मोकळा हवा, उंची १५ सेंटिमीटरपेक्षा जास्त नको. दोन माणसं एकमेकांना धक्का न लागता जातील एवढीच ही जागा. ट्रेलरला वळायला तुम्ही चौकात सोडता त्याच्या कितीतरी पट कमी. एवढं मागणं फार झालं?

२०२२ मध्ये देशात ३२,८२५ माणसं रस्त्यानं चालताना मेली. केंद्राच्या रस्ते वाहतूक मंत्रालयाचाच आकडा आहे हा. आमच्या भागात असं कुणी गेलं की तुम्ही येता, नाही म्हणत नाही. घरच्यांना भेटता, मदतीचं बोलता. आठवड्याभरात तिथं एक गतिरोधक येतो, पावसाळ्यात तो झिजतो, मग त्याची ओळख फक्त तिथं राहणाऱ्यांना उरते. फूटपाथ येत नाही. दर वेळी तुम्ही 'प्रस्ताव पाठवला आहे' म्हणता. कुणाकडे? जिथं जातो तिथला माणूस वरच्या मजल्याकडे बोट दाखवतो.

आमच्यातलीच तरणी पोरं आता मला हसतात. म्हणतात, बाबा, तुम्ही अर्ज लिहीत बसा, आम्ही हप्त्यावर गाडी घेतो. घेतातही. पगारातला मोठा तुकडा हप्त्यात आणि पेट्रोलमध्ये जातो, कारण घर ते कारखाना हे सायकलीचं अंतर तुम्ही सायकलीला अशक्य करून ठेवलंत. हा खर्च तुमच्या अंदाजपत्रकात कुठं दिसत नाही. दर महिन्याला पोरांच्या खिशातून जातो, आणि तुम्ही त्याला वाहनसंख्येतली वाढ म्हणून आणखी रुंदीकरणाचं कारण करता.

तर आता नवं रुंदीकरण येतंय असं कानावर आहे. पुन्हा नकाशा येईल, पुन्हा कडेला हिरव्या रंगाची पट्टी असेल. या वेळी आम्ही मान डोलावण्याआधी आमचं थोडं ऐका.

फूटपाथ आणि सायकलची कड 'रस्ता व अनुषंगिक कामे' मध्ये कोंबू नका. इस्टिमेटमध्ये वेगळी बाब करा, लांबी-रुंदीसकट, आणि कामाच्या फलकावर ठेकेदाराच्या नावाखाली तीही लिहा. टेंडर बिलो गेलं तर वाचलेले पैसे त्याच बाबीत राहू द्या. ती पुरी झाल्याशिवाय ठेकेदाराचं शेवटचं बिल काढू नका. मुख्य रस्त्याचं बिल अडलं की सगळे कसे जागे होतात, हे आम्ही पाहिलेलं आहे.

आणि ती बाब वगळायचीच झाली, तर कार्यालयात बसून लाल रेघ मारू नका. सालवडच्या ग्रामसभेत या, उभे राहा आणि सांगा की कापली, आणि का कापली. २६ जानेवारी, १ मे, १५ ऑगस्ट, २ ऑक्टोबर, यातली कुठलीही तारीख चालेल.

उत्तर लेखी पाठवा, जावक क्रमांक टाकून. तोंडी उत्तरं आमच्याकडे भरपूर जमली आहेत.

आपला,
सालवडचा एक रहिवासी